मंडळींकडे पाठ

तो उभा राहिला की धक्क्यावरचे बाकीचे होडीवाले हटकून म्हणायचे, "बस की रे खाली, ऊन अडतंय." अंगावर मांस म्हणून नाही. दोन लांबच लांब तंगड्या, त्यावर एक सदरा आणि सदऱ्यातून निघालेली मान. बगळा हे नाव त्याला कोणी ठेवलं, कधी ठेवलं, कोणालाच आठवत नव्हतं. हजेरी घेताना खाडीवरच्या पर्यटन कार्यालयातल्या माणसानं त्याचं खरं नाव पुकारलं की चारदोन जण मागे वळून बघायचे, हा कोण नवीन आला म्हणून. तोही बघायचा.

वर्षातले सहासात महिने तो शिंपल्या काढायचा, होड्यांना डांबर लावायचा, मिळेल ते करायचा. थंडी पडली की मात्र खाडीत फ्लेमिंगो उतरायचे, आणि त्यांच्यामागून माणसं. मग बगळ्याची होडी दिवसभर धक्का ते वाळूचा दांडा, दांडा ते धक्का. हा दांडा म्हणजे खाडीच्या मधोमध ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा लांब पट्टा. त्याच्या पलीकडे उथळ चिखल, आणि त्या चिखलात हजारांनी उभे असलेले ते गुलाबी पक्षी. होडीवाले त्यांना फ्लेमिंगो म्हणत नसत. 'मंडळी' म्हणत. "मंडळी आली का?" "मंडळी आज जेवायला लवकर बसली." घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं.

आणि मंडळींचा एक नियम होता. नवीन माणूस धंद्यात आला की त्याच्या हातात वल्हं द्यायच्या आधी हा नियम कानात घालायचे: दांड्यावर असताना मंडळींकडे पाठ करायची नाही. बोला, हसा, भांडा, काय वाटेल ते करा. पण डोळा तिकडे. का, तर भरतीचं पाणी वळलं की ते आधी त्यांच्या पायांना कळतं. माणसाला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, खाडी आरशासारखी पडलेली असते. पण चोच उलटी करून चिखल गाळत बसलेल्या त्या हजार माना एकदम वर येतात. सगळ्या एका दिशेला वळतात. मग मंडळी एकमेकांना चिकटून चालायला लागतात. माना वर आल्या की निमूट होडीकडे निघायचं, म्हणजे घाई न करता पोचता येतं. चालायला लागल्यावर निघालात तर धावावं लागतं, आणि त्या चिखलात धावता येत नाही. कारण पाणी समोरून येतच नाही. ते दांड्याला वळसा घालून मागून येतं, होडी आणि दांडा यांच्यामध्ये जो खोलगट चर आहे तो भरतं, आणि तुम्ही मजेत समोर बघत असता.

ही सवय होडीवाल्यांच्या इतकी हाडात भिनली होती, की चहाच्या टपरीवरसुद्धा सगळे एका ओळीत, पाण्याकडे तोंड करून बसायचे. त्यांच्या बायका म्हणायच्या, "आमच्याशी बोलताना यांनी कधी आमच्याकडे बघितलंय? आम्ही मेलो तरी आधी खाडीकडे बघतील."

टपरी बगळ्याच्या बहिणीची. सगळे तिला आक्का म्हणत. आक्काचा नवरा, म्हणजे बगळ्याचे दाजी, त्याच दांड्यावर गेले. शिंपल्या वेचता वेचता दाजींना विडी पेटवायची हुक्की आली. वारा समुद्राकडून, मंडळींच्या अंगावरून येत होता. काडी विझायला लागली म्हणून ते वाऱ्याकडे पाठ करून, हाताचा आडोसा करून बसले. बस, तेवढंच. तीन काड्या विझल्या असतील. उठले तेव्हा चर भरला होता, आणि घाईघाईनं त्यात पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत रुतला. समुद्राकडून वारा असला की दांड्यावरचं सगळं धक्क्यावर ऐकू येतं, धक्क्यावरचं तिकडे काही जात नाही. दाजींच्या हाका आक्काला स्पष्ट ऐकू आल्या. आक्काच्या त्यांना गेल्या नाहीत. बगळा होडी घेऊन पोचेपर्यंत वर फक्त शिंपल्यांची बादली तरंगत होती.

त्या दिवसापासून बगळ्यानं एक ठरवलं होतं. आपल्या घरातून दांड्यावर कोणी जायचं तर ते आपण एकट्यानं. बायको लवकर गेली, मागे एकच मुलगी. तिला त्यानं आणि आक्कानं मिळून वाढवलं, शिकवलं, आणि ती तिकीट खिडकीवर नोकरीला लागली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. चार भिंती, पंखा, पायाखाली फरशी. पोरीचे पाय कोरडे राहिले, मिळवलं सगळं, असं तो कोणालाही थांबवून सांगायचा.

आणि नेमकं तिथेच माशी शिंकली.

कार्यालयात नवीन मॅडम आल्या. वाईट बाई नव्हत्या हो, उगाच कशाला खोटं बोला. हसतमुख, कामाला वाघीण. पण त्यांनी येताच फर्मान काढलं की परदेशी पाहुणे वाढलेत, तेव्हा निदान एका होडीवर तरी पक्ष्यांची माहिती इंग्रजीत सांगितली गेलीच पाहिजे. होडीवाल्यांपैकी कोणी तयार झाला तर ठीक. नाही झाला, तर तिकीट खिडकीवरच्या माणसाला गाइड म्हणून होडीवर पाठवू. आता खिडकीवर इंग्रजी येणारं माणूस एकच होतं. धक्क्यावर हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी बगळ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक.

"मी शिकतो," तो म्हणाला.

"तू?" शेजारचा होडीवाला म्हणाला. "अरे, तुला आपली भाषा बोलताना धाप लागते."

"शिकतो म्हटलं ना!"

संध्याकाळी स्वयंपाकघरात शाळा सुरू झाली. आक्का चुलीपाशी, मुलगी ओट्यावर बसलेली, आणि हा पन्नाशीचा विद्यार्थी समोर भिंतीला टेकून.

"अप्पा, सोपं आहे. तुमच्याकडेच बघून शिकवते," मुलगी म्हणाली. "लाँग लेग्ज. लांब पाय. लाँग नेक. लांब मान."

"हे माझं वर्णन चाललंय की त्यांचं?"

"दोघांचं होतंय, एका दगडात!" आक्का तिकडून म्हणाली, आणि तिघंही हसले.

मग एकेक शब्द येत गेला. थवा म्हणजे फ्लॉक. पीस म्हणजे फेदर. चोच म्हणजे बीक. उथळ पाण्यातून पाय उचलत चालणं म्हणजे वेड. गाळून खाणं म्हणजे फिल्टर. पिल्लू, चिक, जन्मतं ते राखाडी, ग्रे. खाण्यातून रंग चढत चढत पिंक होतं. घरटं चिखलाचं, नेस्ट ऑफ मड. "आणि अंडं एकच, अप्पा. वन एग. ओन्ली वन." हे वाक्य त्याला पहिल्या झटक्यात पाठ झालं. आपल्याला जो गुडघा वाटतो तो त्यांचा गुडघा नसतोच, घोटा असतो, हे ऐकून आक्कानं कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्यांच्या घोट्यालाच गुडघा म्हणतोय?"

त्याला सगळ्यात आवडला तो क्रेश. आईबाप लांब चरायला जातात तेव्हा सगळी पिल्लं एकत्र राहतात, आणि दोनचार मोठे पक्षी त्यांच्यावर लक्ष ठेवतात, त्याला क्रेश म्हणतात.

"म्हणजे मी," आक्का म्हणाली.

"म्हणजे तू," बगळा म्हणाला, आणि दोघंही क्षणभर पोरीकडे बघत राहिले. ती वहीत शेवटचं वाक्य लिहीत होती.

ते वाक्य मात्र बगळ्याचं स्वतःचं होतं. त्यानं सांगितलं, तिनं इंग्रजीत करून दिलं. सगळं झाल्यावर, अगदी शेवटी हेच यायला हवं असा त्याचा हट्ट. मुख्य गोष्ट तीच, बाकी सगळी सजावट. 'व्हेन ऑल द हेड्स गो अप, दे आर अलर्ट. समथिंग इज कमिंग.' सगळ्या माना वर झाल्या की ते सावध झालेत; काहीतरी येतंय.

होडी वल्हवताना तो हे पुटपुटायचा. झोपेतसुद्धा बरळायचा म्हणे. आक्का एकदा म्हणाली, "शेवटचं तेवढं घरात बोलू नकोस रे. अंगावर काटा येतो."

परीक्षेच्या दिवशी मॅडम स्वतः होडीत बसल्या. बरोबर वीसेक पाहुणे, त्यात एक काठी टेकत चालणारे म्हातारे गृहस्थ. हवा स्वच्छ, वारा समुद्राकडून, ओहोटी खालपर्यंत गेलेली. दांड्यावर उतरल्यावर बगळा नेहमीसारखा कडेला, मंडळींकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं सुरुवात केली. "दिस इज अ फ्लॉक..."

"थांबा, थांबा," मॅडम म्हणाल्या. "असं लोकांकडे पाठ करून बोलतात का? उद्धटपणा वाटतो हो. इकडे या, समोर. त्यांच्याकडे बघून बोला."

"मॅडम, मंडळींकडे..."

"पक्षी कुठे पळून जाताहेत? लोक बघतील ना पक्षी. तुम्ही लोकांकडे बघा."

त्यानं एकदा मंडळींकडे बघितलं. मनात म्हणाला, नाही जमणार म्हणावं. पण नाही म्हटलं तर उद्या या वाळूवर कोण उभं राहील, हेही त्याला दिसत होतं. पाणी वळायला अजून अवकाश आहे, भराभर उरकून टाकू, असा त्यानं हिशेब केला. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मंडळींकडे पाठ फिरवली.

मानेवर कोणीतरी बघतंय असं सारखं वाटत होतं. एकदा त्यानं मागे वळून बघितलं, तर मॅडमनी पेन वर करून खूण केली, इकडे. मग नाही वळला. लाँग लेग्ज झालं, लाँग नेक झालं. वन एग, ओन्ली वन म्हटल्यावर एक बाई 'ओऽऽ' असं हळहळल्या, आणि त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं! आपण बोलतोय आणि ही परकी माणसं ऐकताहेत, हसताहेत, माना डोलावताहेत, असं त्याच्या उभ्या जन्मात कधी झालं नव्हतं. त्याची भीड चेपली. हात हलायला लागले. घोटा दाखवायला त्यानं चक्क एक पाय वर उचलला, लोक खदखदून हसले, म्हणून त्यानं परत उचलला. भराभर उरकायचं होतं ते राहिलंच. क्रेशबद्दल तर त्यानं पाठ न केलेलं एक जादा वाक्यसुद्धा ठोकून दिलं.

मग छाती भरून शेवटचं. "व्हेन ऑल द हेड्स गो अप, दे आर अलर्ट. समथिंग इज कमिंग."

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणी शिट्टी मारली, कोणी 'वाऽऽ' म्हणालं, मॅडमसुद्धा पेन काखेत धरून टाळ्या वाजवायला लागल्या. बगळ्याचे कान गरम झाले. पास झालो, पोरगी सुटली, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. तो हात जोडून हसत उभा राहिला.

मग त्याच्या लक्षात आलं, की यातलं कोणीच आपल्याकडे बघत नाहीये. सगळ्यांचे डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे लागले होते.

तो वळला. हजार माना वर होत्या, एका दिशेला. आणि त्या टाळ्यांच्या आधीच वर झाल्या असणार, कारण मंडळी चालायला लागली होती.

"चला," तो म्हणाला. इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. "होडीत चला. आत्ता. चला म्हणतो ना!"

"अहो, प्रश्न विचारायचेत लोकांना..."

त्यानं मॅडमना उत्तर दिलं नाही. काठीवाल्या म्हाताऱ्यांना लहान पोरासारखं पाठीवर घेतलं आणि तो चराकडे निघाला, तसे बाकीचेही हसत हसत मागून आले. चरात पाणी शिरलं होतं. पहिल्यांना घोट्याएवढं लागलं, शेवटच्यांना गुडघ्याच्या वर. एका पोरीचा पाय रुतला तो त्यानं, म्हाताऱ्यांना होडीत ठेवून परत येऊन, दोन्ही हातांनी उपसून काढला. मॅडमची एक चप्पल चिखलातच राहिली. पण सगळे चढले. होडी हलली आणि त्यानं मागे बघितलं, तर आपण जिथे उभं राहून पाय उचलून दाखवत होतो ती जागा आता नव्हती. वल्हं दोनदा पाण्याबाहेरच फिरलं. पाहुणे भिजलेले बूट एकमेकांना दाखवत खिदळत होते. सहलीतलाच भाग समजले ते.

"काय पण वेळ साधलीत हो!" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही 'हेड्स गो अप' म्हणता काय आणि मागे सगळ्या माना वर काय! मी इतक्या ठिकाणी काम केलं, असं कुठे बघितलं नाही. ते नेहमी करतात असं?"

इथे बगळा चुकला. खोटं बोलला असता तर वाचला असता. पण पाण्याबद्दल खोटं बोलायचं त्याला ठाऊकच नव्हतं. "हो," तो म्हणाला. "पाणी वळलं की करतातच. रोज."

"रोज! अगदी ठरलेल्या वेळी?"

"भरतीच्या वेळेला. पण मॅडम, तेव्हा दांड्यावर थांबायचं नसतं. आज आपण थोडक्यात वाचलो."

"हो ना, काय मजा आली!" मॅडम म्हणाल्या आणि पायातली उरलेली एक चप्पल काढून त्यांनी सगळ्यांना दाखवली.

धक्क्यावर आक्का उभी होती. इकडून सगळं दिसतं, आणि वारा तिकडचा असला की ऐकूही येतं. लोक पांगल्यावर ती त्याच्यासमोर आली.

"पाठ फिरवलीस," ती म्हणाली.

"पास झालो गं, आक्का. पोरगी खिडकीतच राहील आता."

"टाळ्या मला इथवर ऐकू आल्या. माना वर झाल्यावर त्या वाजल्या, आणि तू हसत होतास." तिनं दांड्याकडे बोट केलं. "यांच्या हाका आल्या होत्या तशाच आल्या मला त्या, कळलं का?"

तिनं त्याला चहा दिला, पण कप समोर आदळला.

पुढचे काही दिवस तो खरोखर सुखात होता. छातीवर गाइडचा बिल्ला लागला. मॅडमपुढे मान डोलवायची, आणि दांड्यावर गेल्यावर आपलं तिरकं उभं राहून, एक डोळा मंडळींवर ठेवून बोलायचं, आणि शेवटचं वाक्य म्हणायचं ते होडीत चढल्यावर, अशी युक्ती त्यानं काढली होती. पण मॅडमच्या डोक्यातून ती वेळ जात नव्हती. त्यांनी भरतीच्या वेळा मागवल्या. त्या दिवशी काढलेला व्हिडिओ लोकांनी एकमेकांना पाठवला: समोर एक लंबूटांग माणूस बोट वर करून सांगतोय, आणि मागे हजार माना उठताहेत. तेच बघायला माणसं यायला लागली. तिकीट खिडकीपुढची रांग रस्त्यापर्यंत गेली. मग एका सकाळी मॅडमनी सांगितलं की आता इंग्रजीच्या दोन होड्या, दोन्ही पाणी वळायच्या वेळेला दांड्यावर हव्यात, एक दांड्याच्या वरच्या टोकाला आणि एक खालच्या. दुसरीला इंजिन बसवलंय, चालवणारा बाहेरून आणलाय. आणि दुसरीवर गाइड म्हणून जाईल तुमची मुलगी.

बगळा कार्यालयात गेला. बिल्ला काढून त्यानं टेबलावर ठेवला. "मी दोन्ही करतो. दिवसभर करतो. तिला नको."

"अहो, वेळ एकच आहे, तुम्ही दोन ठिकाणी कसे असाल?" मॅडम समजुतीनं म्हणाल्या. "आणि घाबरताय काय? तुम्हीच तर दाखवलंत हे. सगळी माणसं सुखरूप परत आणलीत."

"ते नशीब होतं, मॅडम."

"किती साधे आहात हो तुम्ही," मॅडम म्हणाल्या, आणि बिल्ला त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या सदऱ्याला परत लावला.

घरी मुलगी आनंदात होती. तिला कोणी दोष देऊ नये. बावीस वर्षांची पोर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत काचेच्या भोकातून लोकांचे हात तेवढे बघायची. गणवेशाचा पांढरा शर्ट ती इस्त्री करत होती.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "नोकरी गेली तर गेली."

"अप्पा, आत्याच्या मनातली भीती तुमच्या मनात बसलीय. मला नियम माहीत नाही का? लहानपणापासून तेच ऐकतेय. मंडळींकडे पाठ करायची नाही. तिरकी उभी राहीन, बास?"

"मीही तसंच ठरवलं होतं."

"मग?"

त्याला सांगता येईना. लोक हसले की कसं वाटतं, माना डोलावल्या की कसं वाटतं, आपण एक पाय उचलतो आणि मग दुसऱ्यांदा उचलतो, हे कसं सांगायचं? ज्याला उभ्या आयुष्यात कोणी ऐकलं नाही, त्याला वीस माणसांनी ऐकलं की मागचं सगळं पुसलं जातं, हे पोरीला कुठल्या शब्दांत समजावायचं? "टाळ्या वाजल्या तर आधी मागे बघ," एवढंच तो म्हणाला.

"बघीन," ती म्हणाली. "वचन."

आक्का चुलीपाशी पाठमोरी बसून होती.

दुसऱ्या दिवशी बगळ्यानं मनाशी पक्कं केलं होतं, की आपली होडी वरच्या टोकाला नेतो असं सांगायचं आणि न्यायची खालच्याच टोकाला, तिच्याजवळ. पण बगळ्याचे पाहुणे घेऊन येणारी बस उशिरा आली. इंजिनाची होडी आधी निघून गेली. जाताना मुलीनं टपरीकडे बघून हात केला. तिच्या होडीचा माणूस बाहेरचा. चराच्या अलीकडे होडी लावून तो इंजिनाशी काहीतरी खुडबुड करत खाली वाकून बसलेला इथूनसुद्धा दिसत होता. बगळा धक्क्याच्या पायरीवर उभा राहून आपल्या पाहुण्यांना एकेक करून हात देत होता. आणि प्रत्येकाला हात दिला की वर बघत होता.

सुरुवातीला ती तिरकी उभी होती. खरंच होती, त्यानं बघितलं. पांढरा शर्ट दांड्याच्या कडेला, तोंड अर्धं इकडे, अर्धं तिकडे. शाब्बास, असं तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. मग एक बाई काहीतरी विचारायला पुढे आल्या असाव्यात, ती त्यांच्याकडे वळली. मग कोणी हसलं. हसू वाऱ्याबरोबर धक्क्यावर आलं. ती आणखी थोडी वळली. तिचे हात हलायला लागले. मान दाखवली, चोच दाखवली. आता तिचं पूर्ण तोंड धक्क्याकडे होतं, आणि तिच्यामागे सगळी मंडळी चोची खाली घालून जेवत होती.

"माझं ऐक," बगळा पुटपुटला. "बघ एकदा मागे. बाळ, बघ."

तिनं घोटा दाखवायला एक पाय उचलला. लोक हसले. तिनं परत उचलला.

आणि तिच्यामागची गुलाबी रेघ एकदम उंच झाली. सगळ्या माना, एका क्षणात, एका दिशेला.

तो ओरडला. छाती फाटेल इतका ओरडला. वारा तोंडावर येत होता. आवाज पायरीच्या खालीसुद्धा गेला नसेल. मग त्यानं दोन्ही हात वर केले आणि वेड्यासारखे हलवायला लागला. त्या लांब हातांचा आयुष्यात एकदा उपयोग झाला. तिला ते दिसले. एवढ्या लांबून तिनं बापाला ओळखलं, आणि मोठ्या आनंदानं तिनंही हात हलवला.

"उतरा!" तो होडीतल्या पाहुण्यांना म्हणाला. "उतरा, सगळे उतरा!" कोणाला समजलं, कोणाला नाही, त्यानं दंडाला धरून एकेकाला पायरीवर ओढलं. तोवर आक्का टपरी तशीच टाकून आली होती. ज्या बाईनं इतक्या वर्षांत खाडीच्या पाण्यात बोटसुद्धा बुडवलं नव्हतं, तिनं खांबाचा दोर सोडला, पदर खोचला आणि दुसरं वल्हं हातात घेतलं.

होडी धक्क्यापासून सुटली, तेव्हा दांड्यावर टाळ्या सुरू झाल्या. दोघंही खाली मान घालून वल्हं मारत होती. वाऱ्यावर त्या टाळ्या अगदी जवळ वाजल्यासारख्या येत होत्या, आणि थांबत नव्हत्या.